सासुरवाशिणीचं दुखणं ओळखणाऱ्या रमाबाई रानडे; त्यांच्याच वाटेने आज गावोगाव फिरतेय आशाताई

गुहागर : हातात वही, खांद्याला पिशवी आणि वाडीवाडीतून पायपीट. गावची आशाताई आता गुहागर तालुक्यात प्रत्येक घराच्या ओळखीची झाली आहे. गरोदर बाईची नोंद, बाळाची लस, तापाच्या गोळ्या अशी कामं घेऊन ती पडवीत येऊन बसते. कामाचं बोलणं संपलं, सासू आत गेली की घरातली सून हळूच वेगळंच काही सांगायला लागते. रात्री झोप लागत नाही. जेवणावर वासना नाही. कारण नसताना रडू येतं. नवरा मुंबईला, माहेर लांब, सांगायचं कोणाला?

या दुखण्याला आज मानसिक आरोग्य असं नाव आहे. दीडशे वर्षांपूर्वी ते नाव नव्हतं, दुखणं मात्र हेच होतं. अकराव्या वर्षी सासरी गेलेल्या एका मुलीने ते स्वतः सोसलं. पुढे तिनेच हजारो बायकांना आधार देणारी संस्था उभी केली आणि घराबाहेर पडून दुसऱ्याची सेवा करणाऱ्या बायकांची एक फळी तयार केली. त्या म्हणजे रमाबाई रानडे.

2012 साली झी मराठीवर लागलेल्या 'उंच माझा झोका' या मालिकेमुळे रमाबाई घराघरात पोचल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पत्नी म्हणून त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण न्यायमूर्ती गेल्यावर पुढची 23 वर्षं त्यांनी काय केलं, हे त्यामानाने कमी लोकांना माहीत आहे. या कामात गुहागर तालुक्यातल्या कोतळूकच्या एका सुपुत्राचाही धागा आहे.

देवराष्ट्र्याची यमुना

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी देवराष्ट्रे इथे कुर्लेकरांच्या घरात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पुढे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण यांचंही हेच जन्मगाव. माहेरचं नाव यमुना. त्या घरात मुलींना लिहायला-वाचायला शिकवण्याची चाल नव्हती, त्यामुळे यमुनेला अक्षर ओळखीचं नव्हतं.

1873 मध्ये तिचं लग्न झालं. नवरा 31 वर्षांचा, सरकारी नोकरीतला मोठा विद्वान. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. रानडे विधवाविवाहाच्या बाजूने बोलणारे सुधारक. दुसरं लग्न करायचंच तर विधवेशी करावं, असं त्यांच्या मनात होतं. पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचं चाललं नाही आणि अकरा वर्षांची यमुना रानड्यांच्या घरात रमा होऊन आली.

लेकीची पाठवणी करताना वडिलांनी तिला जो उपदेश केला, तो आजही कोकणातल्या कितीतरी घरांत ऐकू येतो. सासर माणसांनी भरलेलं आहे, तिथे कोणी काही बोललं तरी सहन कर, उलट उत्तर देऊ नकोस आणि घरातल्या बायकांच्या चहाड्या नवऱ्याच्या कानावर घालू नकोस, असा त्याचा मथितार्थ होता. अकरा वर्षांच्या मुलीने तो मनावर घेतला आणि पुढची कित्येक वर्षं पाळला.

भरलं घर, पण बोलायला कोणी नाही

रानड्यांनी लग्नानंतर लगेचच तिला शिकवायला सुरुवात केली. दिवसभर घरकाम आणि रात्री पाटी-पुस्तक. मुळाक्षरापासून सुरुवात झालेली ही मुलगी काही वर्षांत मराठी चांगलं वाचू लागली, मग इंग्रजीही शिकू लागली.

पण त्या एकत्र घरात सासू होत्या, विधवा नणंद होती, नात्यातल्या आणखी वडीलधाऱ्या बायका होत्या. सुनेने पुस्तक हातात धरणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. बायकांच्या जातीने वाचायला बसणं म्हणजे वडीलधाऱ्यांचा अपमान, असं त्या काळी सर्रास मानलं जाई. टोमणे सुरू झाले. कधी सगळ्या मिळून बोलणं बंद करायच्या, कधी दुसऱ्या सुनांना तिच्यापासून लांब ठेवायच्या. नवरा शीक म्हणतो आणि घरातल्या बायका शिकू नको म्हणतात, अशा कात्रीत ती सापडली. नवऱ्याचं ऐकावं तर घर रुसतं आणि घराचं ऐकावं तर नवरा.

रानडे रागवत नसत, आवाज चढवत नसत. नाराज झाले की गप्प राहत. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा त्रास बायकांच्या टोमण्यांपेक्षाही जास्त व्हायचा, हे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे. चार भिंतींत दहा माणसं आणि मन मोकळं करायला एकही नाही, अशी ती अवस्था होती.

पुण्यात इंग्रजी शिकवायला मिशनच्या एक मडम येऊ लागल्या, तेव्हा तर घरात मोठंच वादळ झालं. मडमेजवळ बसून विटाळ झाला म्हणून धड्यानंतर अंघोळ केल्याशिवाय घरात वावरायचं नाही, असा दंडक आला. रमाबाईंनी तोही मुकाट्याने पाळला. थंडीच्या दिवसांत पुन्हा पुन्हा थंड पाण्याने अंघोळ करून त्या आजारी पडल्या, तेव्हा कुठे रानड्यांनी मध्ये पडून त्यावर मार्ग काढला.

आज वाचताना हे जुन्या काळचं सोवळं-ओवळं वाटेल. पण त्यातलं मूळ दुखणं जुनं झालेलं नाही. घरातल्या घरात एखादीला वाळीत टाकल्यासारखं वागवणं, तिच्याशी बोलणं तोडणं, तिच्या प्रत्येक कामात खोट काढणं, याने माणूस आतून खचतो. अंगावर वळ दिसत नाहीत, म्हणून त्याला कोणी दुखणं म्हणत नाही इतकंच.

बाहेरच्या बायका भेटल्या आणि धीर आला

1878 मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. तिथे रमाबाईंना थोडी मोकळीक मिळाली. शाळेच्या एका समारंभात त्या पहिल्यांदा चार लोकांसमोर बोलल्या. ते भाषण रानड्यांनीच लिहून दिलं होतं.

पुढे 1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि बायकांसाठी आर्य महिला समाज सुरू झाला. रमाबाई रानडे तिथे जाऊ लागल्या. आठवड्यातून एकदा घराबाहेर पडून चार बायकांनी एकत्र बसायचं, वाचायचं, बोलायचं, एवढीच गोष्ट. पण त्यावरून शहरात टीका झाली आणि घरात पुन्हा महाभारत घडलं. तरी रमाबाईंनी जाणं सोडलं नाही. मनातलं बोलायला घरात जागा नव्हती, ती तिथे मिळाली.

पुण्यात मुलींची मोठी शाळा व्हावी म्हणून चळवळ सुरू झाली, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर भर सभेत इंग्रजीतून मागणी वाचून दाखवण्याचं काम याच रमाबाईंनी केलं. पुण्यातली हुजूरपागा शाळा ही त्या चळवळीचं फळ. सभेत टाळ्या पडल्या, पण घरी आल्यावर शब्दांचे फटके खावे लागले. भर पुरुषांत उभी राहून इंग्रजी फाडणारी सून घरातल्या बायकांना सहन झाली नाही.

1893 मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. तिथे प्रार्थना समाजाच्या आधाराने रमाबाईंनी बायकांचा एक मेळा जमवला. हिंदू लेडीज सोशल क्लब हे त्याचं नाव. भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम, हातकाम असे वर्ग तिथे चालत. घरात बसलेल्या बाईला दुपारचे दोन तास बाहेर काढलं, तिच्या हाताला काम आणि डोक्याला विषय दिला की तिची कळाच बदलते, हे रमाबाईंनी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

38 व्या वर्षी सगळं संपल्यासारखं झालं

16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्ती रानडे गेले. रमाबाई तेव्हा 38 वर्षांच्या होत्या. 27 वर्षांचा संसार संपला. त्या पुण्याच्या वाड्यात परत आल्या आणि वर्षभर जवळजवळ कोणालाच भेटल्या नाहीत. त्या काळी विधवेने कोपऱ्यात बसून उरलेले दिवस काढायचे, एवढीच समाजाची अपेक्षा होती. रमाबाईंच्या बाबतीतही तसंच होईल असं अनेकांना वाटलं.

त्या कोपऱ्यातून त्या बाहेर आल्या त्या दुसऱ्याचं दुःख बघायला. तुरुंगातल्या बायकांच्या विभागात त्या नियमाने जाऊ लागल्या. सणावाराला तिथे जाऊन कैदी बायकांशी बोलायचं, चांगल्या गोष्टी सांगायच्या, तुम्हीही माणूस आहात ही जाणीव द्यायची, असं त्या करत. सुधारगृहातल्या मुलांसाठी खाऊ घेऊन जात. दवाखान्यात पडलेल्या रोग्यांना फळं, फुलं, पुस्तकं नेऊन देत आणि त्यांच्याजवळ बसत.

यातल्या कशालाही मोठा खर्च नव्हता, डॉक्टरकी नव्हती. ज्याच्याकडे कोणी बघत नाही त्याच्याकडे जायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं. सासरच्या घरात जे स्वतःला मिळालं नव्हतं, तेच त्या दुसऱ्याला नेऊन देत होत्या.

1904 मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षा रमाबाई होत्या. 1910 मध्ये त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आलं. न्यायमूर्तींची आठवण म्हणून लिहिलेल्या या पुस्तकात त्यांनी घरातल्या बायकांचे टोमणे, स्वतःचं रडणं, नवऱ्याच्या अबोल्याची भीती हे सगळं साध्या भाषेत लिहून टाकलं. माजघरातलं दुखणं चव्हाट्यावर आणायचं नाही, असं मानणाऱ्या काळात एका मोठ्या घरच्या बाईने ते छापलं, ही लहान गोष्ट नव्हती. मात्र कोणावर सूड उगवल्यासारखं त्यात काही नाही. त्रास देणाऱ्या बायकाही त्याच रूढीत वाढलेल्या, हे समजून त्यांनी लिहिलं आहे.

कोतळूकच्या गोपाळरावांचा धागा

या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी. गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 रोजी गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. ते न्यायमूर्ती रानड्यांना गुरू मानत आणि पुण्यात त्यांच्या हाताखाली तयार झाले. आयुष्यभर देशसेवा करणारे कार्यकर्ते घडवायचे, या हेतूने त्यांनी 12 जून 1905 रोजी भारत सेवक समाज स्थापन केला.

त्या समाजाच्या अगदी सुरुवातीच्या सभासदांत आणखी एक गोपाळ कृष्ण होते, गोपाळ कृष्ण देवधर. रमाबाईंच्या सेवासदनाचा कारभार उभा करायला हेच देवधर आले आणि शेवटपर्यंत राहिले. म्हणजे कोतळूकच्या सुपुत्राने घडवलेल्या कार्यकर्त्याचे हात रमाबाईंच्या कामाला लागले.

सेवासदनाची कल्पना आधी मुंबईत निघाली. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल या दोन समाजसेवकांच्या मनात बायकांसाठी एक आश्रयस्थान काढायचं आणि आपल्या देशातल्या बायकांना परिचारिकेचं, म्हणजे नर्सचं, शिक्षण द्यायचं होतं. पुढाकार घ्यायला ते रमाबाईंकडे आले. 1908 मध्ये मुंबईत सेवासदन सुरू झालं. पुढच्याच वर्षी, 1909 मध्ये, पुण्यात रानड्यांच्या वाड्यातच पुण्याचं सेवासदन सुरू झालं.

दुपारची शाळा आणि पांढरा गणवेश

पुणे सेवासदनात विधवा आल्या, नवऱ्याने टाकलेल्या आल्या, तशाच नांदत्या घरच्या सुनाही आल्या. घरकाम आवरून दुपारी येता येईल, अशा वेळेला प्रौढ बायकांचे वर्ग ठेवले गेले. सकाळचा स्वयंपाक, उष्टीखरकटी उरकायची आणि मग शाळेत यायचं. संध्याकाळच्या दिवाबत्तीला परत घरी. सुनेला घराबाहेर पाठवायला सासू का कू करते, याचा पुरेपूर अनुभव रमाबाईंना होताच. त्यामुळे घराशी भांडण न होता बाईला बाहेर पडता येईल, अशी वाट त्यांनी काढली. लिहिणं-वाचणं, शिवण, भरतकाम यांबरोबर पुढे शिक्षिका होण्याचीही सोय झाली.

सगळ्यांत अवघड होतं ते परिचारिका आणि सुईणी तयार करण्याचं काम. बाळंतपणं घरच्या अंधाऱ्या खोलीत व्हायची. पुरुष डॉक्टरला दाखवायला बायका तयार नसायच्या, त्यामुळे कितीतरी दुखणी अंगावरच काढली जायची. बायकांजवळ बाईच जाऊ शकेल, तीही आपली भाषा बोलणारी, हे रमाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

पण चांगल्या घरच्या बाईने परक्या रोग्याला हात लावायचा, जखमा धुवायच्या, रात्रपाळी करायची, हे लोकांना पटेना. नर्सचं काम हलकं समजलं जाई. सेवासदनाने बायकांना ससून रुग्णालयात शिकायला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा टीकेचा मारा झाला. तरी एकेक करून बायका तयार होत गेल्या. कालपर्यंत घरात ओझं समजली गेलेली विधवा पांढऱ्या गणवेशात रुग्णालयात उभी राहू लागली आणि स्वतःच्या कमाईवर जगू लागली.

संस्थेच्या एका समारंभात घडलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. केस काढलेली, आलवण नेसलेली एक विधवा व्यासपीठावर आली. सभागृहातल्या काही विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. रमाबाई एरवी शांत स्वभावाच्या. त्या दिवशी मात्र त्या संतापाने उभ्या राहिल्या. स्वतःला शिकलेले म्हणवता आणि नशिबाने हा वेश वाट्याला आलेल्या बाईबद्दल तुमच्या मनात जराही दया नाही, या अर्थाचे खडे बोल त्यांनी त्या मुलांना सुनावले. घरात कोणी बोललं तर सहन कर, हा वडिलांचा उपदेश त्यांनी स्वतःपुरता पाळला. दुसऱ्या बाईचा अपमान होताना मात्र त्या गप्प बसल्या नाहीत.

आळंदीच्या वारीतल्या स्वयंसेविका

1913 मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. तरी त्या तिकडे मदतीला गेल्या. आषाढी-कार्तिकीला आळंदीला जमणाऱ्या वारकरी बायकांच्या सेवेसाठी त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जायच्या. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतही हे चुकलं नाही. वारीत आलेली खेड्यापाड्यातली बाई आजारी पडली, थकली, गर्दीत चुकली तर तिच्याजवळ जायला बाईमाणूस हवं, हा त्यामागचा विचार.

मुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी पुण्यात चळवळ केली. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या झटल्या. 1924 मध्ये त्यांचं निधन झालं. तोपर्यंत पुण्याच्या सेवासदनात वेगवेगळ्या विभागांत शिकणाऱ्या बायकांची संख्या हजारावर गेली होती. भारत सरकारने 1962 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर सेवासदन आजही उभं आहे.

गुहागरच्या पडवीत आज काय?

रमाबाईंनी तयार केलेल्या त्या पहिल्या बायका आणि आजची आशाताई यांत शंभर वर्षांचं अंतर आहे, पण साम्यही बरंच आहे. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हा आशा ही त्याच गावची आणि शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित बाई असावी, असं ठरलं. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. ती स्वतः कोणाची तरी सून असते. त्यामुळे दुसऱ्या सुनेच्या मनातलं तिला लवकर उमजतं. पूर्वी तिच्या कामात गरोदर माता आणि बालकंच मुख्य होती, आता मानसिक आजाराची लक्षणं ओळखणं हेही तिच्या प्रशिक्षणात आलं आहे.

महाराष्ट्रातच याचे चांगले दाखले आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या उपक्रमात गावातल्याच साध्या माणसांना दुसऱ्याचं दुःख ऐकून घ्यायला शिकवण्यात आलं. शेजारच्या गोव्यात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक बायकांनी बाळंतिणींच्या घरी जाऊन त्यांच्या उदासीवर काम केलं. समोर बसून नीट ऐकणारं माणूस मिळालं तर बाईला आधार मिळतो, आणि ते माणूस गावातूनच तयार करता येतं, हे यातून दिसून आलं.

रत्नागिरी जिल्ह्याला याची गरज अधिक. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया आहेत. घरातले कर्ते पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला. गणपतीला नि शिमग्याला चाकरमानी येतो, चार दिवस राहतो आणि परत जातो. मागे सासू-सासरे, मुलं, गुरं, शेती, सगळं एकट्या सुनेच्या अंगावर. तिचं मन थकलं तर लोक म्हणतात, हिला कामाचा कंटाळा. कधी बाहेरची बाधा म्हणून उतारे केले जातात. रत्नागिरीत 1886 पासून मनोरुग्णालय आहे, पण तिथे नाव काढलं की लोक वेडी म्हणतील, या भीतीने दुखणं दाबून ठेवलं जातं.

सगळ्याच दुखण्याला मनोरुग्णालय लागत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असणं, झोप-भूक उडणं, कशातच रस न वाटणं, सारखं रडू येणं, अंग दुखत राहणं पण तपासणीत काही न सापडणं, ही लक्षणं असली तर आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावं. बाळंतपणानंतर थोडं रडू येणं नेहमीचं असतं. पण ते दोन आठवड्यांनंतरही चालूच राहिलं, बाळाकडे बघवत नाहीसं झालं, तर डॉक्टरला दाखवायलाच हवं. हा आजार औषधाने आणि बोलण्याने बरा होतो.

मरण्याची भाषा कोणी केली तर ती नाटक समजून उडवून लावू नये. तिला एकटं सोडू नये. घरात शेतीची औषधं असतील तर कुलपात ठेवावीत आणि लगेच दवाखाना गाठावा. सरकारची टेली मानस ही सेवा 2022 पासून सुरू आहे. तिचा नंबर 14416. फोन फुकट आहे, दिवस-रात्र लागतो आणि मराठीतून बोलता येतं. हा नंबर प्रत्येक घरातल्या मोबाईलमध्ये असायला हवा, सुनेच्याही आणि सासूच्याही.

घरच्यांनाही काही करता येण्यासारखं आहे. आशाताई आली की सुनेला तिच्याशी दहा मिनिटं एकटीने बोलू द्यावं. बचत गटाच्या बैठकीला, हळदीकुंकवाला, ग्रामसभेला जाते म्हणाली तर अडवू नये. मुंबईला असलेल्या नवऱ्याने रोजच्या फोनवर मुलांची, पैशांची चौकशी करताना तू कशी आहेस हेही विचारावं. आणि आशाताई चहापुरती थांबली तर तिला रिकामटेकडी म्हणू नये. त्या बसण्यातच तिचं निम्मं काम असतं.

रमाबाईंच्या पाठीशी शिकवणारा नवरा होता, समाजात मान होता, राहायला वाडा होता. तरी त्यांनाही त्या भरल्या घरात रात्री रडावं लागलं. वाडीवरच्या सुनेकडे यातलं काहीच नसतं. तिच्यासाठी पडवीत येऊन बसणारी ती वहीवाली बाईच बहुतेक वेळा पहिला आधार असते. पुढच्या वेळी ती दारात आली की तिला पाणी द्यावं, बसायला सांगावं आणि सुनेला आतून हाक मारावी.